रोजकीर्द आणि चाकरी

आमच्या घरीं लक्ष्मीपूजनास पाटावर सोन्यानाण्याबरोबर एक जुनी रोजकीर्द मांडण्याचा प्रघात आहे. आम्ही कांहीं व्यापारी नव्हे. वडिलांची मिळकत म्हणजे थोडीशी कोरडवाहू जमीन आणि चार घरचें पौरोहित्य. परंतु आलेला व गेलेला पैसा टिपून ठेवल्यावांचून त्यांनीं कधीं दिवा मालविला नाहीं. गेल्या दिवाळींत त्या वहीस हळदकुंकू वाहत असतां आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा शेजारीं बसला होता. तो पुण्यास हिंजवडीकडे एका संगणक-कंपनींत नोकरीस आहे. त्यानें वहीचीं चार पानें उलटलीं आणि इतर कोणास ऐकूं जाऊं नये अशा आवाजांत म्हटलें, “काका, माझ्या घरीं अशी वही ठेवली तर तिला हात जोडायची कोणाची छाती व्हायची नाहीं.”

त्या चार दिवसांत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकास दादांनीं मुलाचा पगार सांगितला, फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे तें सांगितलें, मोटारीचा रंगसुद्धां सांगितला. पाहुण्यांनीं कौतुकानें माना डोलावल्या. रात्रीं घरीं किती वाजतां परततोस, हें मात्र त्यास कोणीं विचारलें नाहीं. आम्हींही विचारलें नाहीं.

भाऊबीज झाल्यावर सायंकाळीं आम्ही दोघे देवळांकडे फिरावयास गेलों. बाहेरचीं माणसें चारठाण्यास येतात तीं हीं कोरीव देवळें, बारव आणि तो उंच दगडी स्तंभ पाहण्यासाठीं. गांवच्या माणसांस त्या पायऱ्यांचा उपयोग घरांत बोलतां न येणारें बोलण्यासाठीं अधिक होतो. तेथें बसून त्यानें सांगितलें तें थोडक्यांत असें: वरिष्ठाचा फोन रात्रीं अकरानंतर येतो, आणि न घेतल्यास दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष उद्धार होतो. मुलगी तापानें रुग्णालयांत होती तेव्हां दोन दिवसांची रजा मागितली. रजा मिळाली, पण तिची आठवण पुढें सहा महिने देण्यांत आली. ज्या कामास पूर्वीं तीन माणसें होतीं तेथें आतां एक आहे. कोणी सोडून गेला म्हणजे तो किती नालायक होता हें मागें राहिलेल्या सर्वांनीं म्हणावयाचें असतें. “सकाळीं गाडी कचेरीच्या आवारांत उभी करतों,” तो म्हणाला, “आणि दहा-दहा मिनिटें खालीं उतरवत नाहीं.”

आम्हीं काय सांगितलें असेल? जें आमच्या पिढींतील प्रत्येक काका सांगतो तेंच. “अरे, चाकरी म्हटली कीं सोसावें लागतें. चांगली जागा आहे, टिकून राहा.” त्यावर तो “बरं” म्हणाला. छत्तीस वर्षें वर्गांत काढलेल्या माणसास या ‘बरं’चे प्रकार ठाऊक असतात. समजलें म्हणून म्हटलेलें ‘बरं’ एक, आणि यापुढें तुम्हांस कांहीं विचारणार नाहीं अशा अर्थाचें दुसरें. हें दुसऱ्या प्रकारचें होतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, याचें कारण आमचा उपदेश आमच्याच आयुष्याशीं जुळत नव्हता. तरुणपणीं आमची पहिली नोकरी परगांवच्या एका खाजगी शाळेंत होती. तेथें पगाराच्या दिवशीं सही पूर्ण रकमेवर घेत आणि हातांत निम्मी ठेवीत. शिवाय चालकांच्या शेतीचा जमाखर्च रविवारीं आम्हीं लिहावयाचा, आणि त्यांच्या घरच्या कार्याच्या निमंत्रणपत्रिकांवर अक्षर चांगलें म्हणून नांवेंही आम्हींच घालावयाचीं. हें चूक आहे हें आम्हांस पहिल्याच महिन्यांत कळलें होतें. मग आम्ही सोडून कां गेलों नाहीं? वडिलांच्या आजारपणांत घेतलेले चार हजार रुपये सावकाराकडे शेंकडा तीन रुपये महिना या दरानें फिरत होते. दरमहा १२० रुपये व्याज जाई. एक महिना जरी पगार चुकला असता तरी सावकाराचा माणूस दारांत आला असता. आम्हांस त्या शाळेंत बांधून ठेवलें होतें तें चालकांनीं नव्हे, सावकारानें.

ही गांठ आमच्या लक्षांत आली नाहीं, ती सौ.च्या लक्षांत आली. ती आमची वही उतरवून घेत असे. एके दिवशीं तिनें बेरीज करून दाखविली कीं दोन वर्षांत आपण २,८८० रुपये दिले आणि मुद्दल चार हजारांचें चार हजारच आहे. तिनें काय केलें तें लिहूं नये असा तिचा आग्रह आहे, परंतु वहींत नोंद आहे म्हणून लिहितों: शिलाईयंत्रावर शेजारच्या बायकांचीं पोलकीं शिवून टपालकचेरींत साठविलेले पैसे काढले, त्यांत एक पाटली मोडून भर घातली, आणि सावकाराचा कागद फाडून आणावयास लावला. पुढच्या महिन्यांत आम्हीं राजीनामा दिला. कांहीं काळानें जिल्हा परिषदेच्या शाळेंत नेमणूक झाली आणि तेथूनच निवृत्त झालों. अशा माणसानें पुतण्यास ‘टिकून राहा’ म्हणावें!

पहांटे उठून आम्हीं कपाटांतील कौटिल्याचें अर्थशास्त्र काढलें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं हा ग्रंथ १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, त्यापूर्वीं तो जवळजवळ लुप्तच होता. राजकारणाचा ग्रंथ म्हणून त्याची ख्याति मोठी. पण त्याच्या पांचव्या अधिकरणांत पदरीं राहणाऱ्या नोकरमाणसासाठीं जें लिहिलें आहे तें फारसें कोणी वाचीत नाहीं. धनी आपणांवर रुष्ट झाला हें कशावरून ओळखावें, याचीं चिन्हें तेथें दिलीं आहेत. सेवक बोलूं लागला असतां ऐकून न घेणें किंवा मध्येंच अडविणें. बसावयास आसन न देणें. त्याच्याशीं बोलतांना चेहऱ्याचा रंग आणि आवाज पालटणें. कारण नसतां हंसणें. एकाएकीं उठून जाणें. त्याच्या देखत दुसऱ्याची स्तुति करणें. केलेल्या चांगल्या कामाकडे न पाहणें आणि चुकलेलें तेवढें पुनःपुन्हां बोलून दाखविणें. दोन हजार वर्षांपूर्वींची ही यादी पुतण्यास चहाच्या वेळीं वाचून दाखविली तेव्हां तो म्हणाला, “काका, याला आमचा वरिष्ठ भेटला होता काय?”

त्याच प्रकरणांत कांहीं जुन्या मंत्र्यांचे दाखले आहेत. क्रौंच पक्षी उलट्या बाजूनें गेला एवढ्यावरून एकानें राजाची चाकरी सोडली. घोटमुखानें वस्त्र गार लागलें म्हणून सोडली. किंजल्कानें हत्तीनें अंगावर पाणी उडविलें म्हणून सोडली. पाठशाळेंत हें वाचतांना आम्ही मुलें पोट धरून हंसत असूं. आतां वाटतें, हत्ती हें निमित्त असावें. मोठीं चिन्हें आधींच घडून गेलेलीं असतात, माणूस तीं गिळीत असतो, आणि मग एके दिवशीं एक लहानसें चिन्ह पुरतें. कौटिल्याचा सल्ला मात्र हत्तीवर अवलंबून नाहीं. अर्थ आणि मान यांवर घाला येऊं लागला म्हणजे ती जागा सोडावी, असा त्याचा सरळ अभिप्राय आहे. आमच्या त्या शाळेनें अर्थ घेतला होता. पुतण्याच्या कंपनीनें अर्थाच्या बाबतींत कधीं खोटेपणा केलेला नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पगार वेळेवर होतो, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम दरमहा जमा झाल्याचें त्यानें पासबुकावर दाखविलें. तेथें जात होता तो मान, आणि मागोमाग प्रकृति.

कौटिल्याचीं चिन्हें धन्याच्या चेहऱ्यावर पहावयाचीं आहेत. आमचें म्हणणें असें कीं त्यांच्याही आधीं तीं चाकराच्या घरच्या वहींत उमटतात. पुतण्याजवळ वही नव्हती. परंतु हल्लीं प्रत्येक खर्च बँकेच्या कागदावर आपोआप टिपला जातो. आम्हीं त्यास मागील सहा महिन्यांचे ते कागद काढावयास सांगितले आणि रकाने पाडून लिहावयास बसविलें. महिन्यास हातांत येतात ८४,००० रुपये. फ्लॅटचा हप्ता ३८,५००, मोटारीचा ११,२००. हें दादांनाही ठाऊक आहे. त्यापुढचे रकाने कोणास ठाऊक नव्हते. रात्रीं उशिरां बाहेरून मागविलेलें जेवण ६,४००. मध्यरात्रीं परततांना स्वतः गाडी हांकवत नाहीं म्हणून भाड्याची मोटार ४,१००. डोकेदुखी, पित्त आणि झोंप यांसाठीं डॉक्टर व औषधें २,३००. मुलीस खेळणीं १,८००.

“खेळणीं दरमहा कशास?” सौ.नें विचारलें.

“ती जागी असतांना मी घरीं नसतों म्हणून,” तो म्हणाला.

या चार रकान्यांची बेरीज १४,६०० होते, वर्षाची पावणेदोन लाख. गंमत अशी कीं हे चारही खर्च दोन वर्षांपूर्वीं त्याला बढती मिळाल्यापासूनचे आहेत आणि त्या बढतीनें पगार वाढला होता तो महिना ११,०००. म्हणजे ज्या बढतीचे पेढे आम्हीं सर्व गांवांत वांटले ती त्याच्या घरास दरमहा ३,६०० रुपयांस पडत होती. तूट भरून निघत होती क्रेडिट कार्डावर. तेथें १,६०,००० रुपये थकले होते. दर विचारला तेव्हां तो म्हणाला, शेंकडा साडेतीन, महिन्याला. आम्हीं चष्मा काढून ठेवला. आमचा सावकार तीनच रुपये घेत असे, आणि त्याला सारा गांव शिव्या देत असे!

कोणी वाचक म्हणतील, धनी दुष्ट असला म्हणजे असें होतें. माणसें चांगलीं पाहून चाकरी धरावी. याविषयीं आम्ही पुण्याचेंच एक जुनें उदाहरण देतों, आणि तेथें माणसें इतकीं थोर होतीं कीं त्यांहून थोर आपणांपैकीं कोणासही मिळावयाचीं नाहींत. १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ त फर्ग्युसन कॉलेज. विष्णुशास्त्री, टिळक, आगरकर, नामजोशी, मागाहून गोखले अशीं हीं माणसें. सरकारी नोकरीचा मोठा पगार लाथाडून महिना पंचाहत्तर रुपयांवर आयुष्याचीं वीस वर्षें देण्याचा त्यांचा संकल्प होता. असें असतां दहा वर्षांत ती मंडळी एकमेकांशीं बोलेनाशीं कां झालीं? सुधारणेविषयींचे मतभेद होतेच. त्यांपायीं आगरकरांनीं १८८७ सालीं ‘केसरी’ सोडला व पुढल्या वर्षीं ‘सुधारक’ काढला. पण संस्थेच्या आंत जें धुमसत राहिलें तें पुष्कळसें पैशाचें व वेळेचें होतें. आजीव सभासदाला घरची अडचण आली तर पगाराहून अधिक मागतां येईल काय? बाहेर ग्रंथ लिहून, पत्र चालवून मिळविलेला पैसा कोणाचा? त्याचा कॉलेजाबाहेरचा वेळ कोणाचा? टिळकांचें म्हणणें कडक होतें, सर्व वेळ संस्थेचा. इतरांस तें मान्य नव्हतें. १८९० त गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद घेतलें तेव्हां हा वाद शिगेस पोंचला आणि वर्षअखेर टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले.

यांत दोष कोणाचा, याचा निवाडा शंभरांवर वर्षें चालला आहे. आम्ही त्यांत पडत नाहीं. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं ज्या ठिकाणीं पगार, गरज आणि घरचा वेळ यांचा करार आरंभींच स्पष्ट झालेला नसतो, तेथें त्यागी पुरुषांचेंही मन विटतें. आणि दुसरें दिसतें तें वहीचें. बाहेर पडतांना टिळकांजवळ चरितार्थाचें साधन होतें: त्यांनीं कायद्याचा वर्ग चालविला, आणि भागीदारींत सरकी काढण्याचा कारखाना काढला तोही कोठें, तर आपल्या मराठवाड्यांत, त्या वेळच्या निजामी मुलुखांतील लातुरास. ज्यांना टिळक म्हणजे केवळ सिंहगर्जना वाटते त्यांनीं या कारखान्याचीही आठवण ठेवावी. आगरकरांजवळ असें कांहीं नव्हतें. दम्यानें जर्जर झालेल्या देहानें ते प्रिन्सिपॉलचें काम करीत राहिले आणि १८९५ च्या जूनमध्यें, चाळिशी गांठण्यापूर्वींच, गेले. त्यांच्या उशाशीं आपल्या दहनासाठीं बाजूस काढलेल्या थोड्या रुपयांची पुरचुंडी सांपडली असें सांगतात. ही गोष्ट त्यांच्या निःस्पृहतेची म्हणून आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितली. पुरचुंडी ठेवणाऱ्याच्या घरीं मागें कोण राहिलें होतें, हें एकाही मुलास विचारलें नाहीं.

अलीकडच्या पुण्याचीही एक गोष्ट वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचली आहे. २०२४ च्या जुलैंत हिशेबतपासणीच्या एका मोठ्या कंपनींतील सव्वीस वर्षांची मुलगी वारली. नोकरीस लागून तिला चार महिने झाले होते. तिच्या आईनें कंपनीच्या प्रमुखास जें पत्र लिहिलें त्यांत मुलीवरील कामाचा भार सांगितला होता. कंपनीनें तो आरोप मान्य केला नाहीं, आणि मृत्यूचें कारण ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु नंतरच्या सरकारी पाहणींत त्या कचेरीची दुकानें व आस्थापना कायद्याखालीं नोंदणीच नव्हती असें प्रसिद्ध झालें. आठवड्यास किती तास काम घ्यावें याची मर्यादा ज्या कायद्यांत आहे तो हाच. आमच्या वाचकांच्या घरांतून पुण्यामुंबईस गेलेल्या मुलामुलींपैकीं किती जणांस आपल्या कचेरीचे हे कागद ठाऊक आहेत? मुलीचें स्थळ पाहतांना आपण सात पिढ्यांची चौकशी करतों, आणि नोकरीचें पत्र आलें कीं नुसता आंकडा वाचून देवापुढें साखर ठेवतों.

असो. पुतण्याच्या वहीकडे वळतों. प्रथम कार्ड. निवृत्तीच्या वेळच्या रकमेंतून आम्हीं बँकेंत ठेव ठेवली आहे, तिला शेंकडा सातच्या आसपास वर्षाचें व्याज मिळतें. घरांत एकाचे पैसे वर्षाला सात रुपयांनीं वाढावेत आणि दुसऱ्याचे महिन्याला साडेतीननें जळावेत, हा कसला एकत्र संसार? ती ठेव सौ.च्या संमतीनें मोडून १,६०,००० रुपये भरले. व्याज घेणार नाहीं. मुद्दल नवी नोकरी लागल्यावर द्यावयाचें, पण द्यावयाचें हें वहींत लिहून त्याची सही घेतली आहे. (ठेव राष्ट्रीयीकृत बँकेंत होती म्हणून हें शक्य झालें. दोन टक्के अधिक व्याजाच्या मोहानें ती पतसंस्थेंत ठेवावी असें आम्हांस अनेकांनीं सुचविलें होतें. बँकेंतील ठेवीस पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण असतें, पतसंस्थेच्या ठेवीस तें नसतें. मराठवाड्यांतील किती निवृत्त माणसें अशा ठेवींपायीं २०२३ पासून खेटे घालीत आहेत, तें वाचकांस सांगावयास नको.)

मग मोटार. ती विकून तिचें कर्ज फिटलें. तो आतां कंपनीच्या बसनें जातो. बस सायंकाळीं साडेसहास सुटते, आणि हें वरिष्ठास मुळींच आवडलेलें नाहीं. कार्डाचें व्याज ५,६००, मोटारीचा हप्ता ११,२००, शिवाय बाहेरचें जेवण व भाडें यांत वांचलेले सुमारें ५,०००, असे महिन्यास २१,८०० रुपये निराळ्या खात्यांत पडूं लागले आहेत. हप्ता धरून त्याच्या घरास अगदीं आवश्यक म्हणून ६०,५०० लागतात. नोकरी गेली तरी चार महिने तग धरावयाचा तर २,४२,००० हवेत. म्हणजे अकरा महिने. त्याच्या करारांत राजीनाम्यानंतर तीन महिने काम करून देण्याची अट आहे ती निराळी. रागाच्या भरांत उद्यांच पत्र फेंकणें आम्हीं त्यास वर्ज्य सांगितलें, तसेंच पगाराच्या पावत्या, नेमणुकीचें पत्र आणि वरिष्ठाचे रात्रींबेरात्रींचे निरोप जपून ठेवावयासही सांगितलें. तो दुसरीकडे अर्ज करूं लागला आहे.

हा पैशाचा हिशेब. प्रकृतीचा हिशेब अकरा महिने थांबेल असें कोणीं सांगावें? गेल्या महिन्यांत त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला, आणि डॉक्टरांनीं ‘काम कमी करा’ असें सांगितलें, जणूं तें औषधाच्या दुकानांत मिळतें! तेव्हां आम्हीं त्याला आणखी एक गोष्ट सांगितली आहे. आकडा पुरा होवो वा न होवो, देह ‘नाहीं’ म्हणाला तर त्या दिवशीं निघून यावें. माडीवरची खोली रिकामी आहे, आमचें निवृत्तिवेतन चार पानें अधिक मांडण्यास पुरतें, आणि सूनबाईस येथें परकें वाटावयाचें नाहीं.

राहिली एक अडचण. हें सर्व दादांना अजून ठाऊक नाहीं. मोटार दुरुस्तीस दिली आहे असें त्यांस सांगण्यांत आलें आहे, आणि चार महिने दुरुस्त न होणारी ती कोणती मोटार, असें ते परवां जेवतांना विचारीत होते. मुलानें बाबांना सांगण्याचा दोनदां प्रयत्न केला. दोन्ही वेळां त्यांनीं शेजाऱ्यांच्या मुलाच्या पगाराची गोष्ट काढली. म्हणून त्यानेंच आम्हांस म्हटलें, “काका, तुम्हीच लिहा. तुमचें ते वाचतात.” तें खरें आहे. हें मासिक घरीं आलें कीं त्याचें वेष्टन प्रथम दादा फाडतात, आणि आमच्या लेखांतील शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनें दाखवितात.

दादा, वाचून झालें म्हणजे पेन्सिल ठेवून ओसरीवर यावें. आम्ही तेथेंच बसलेलों आहों. वहीही आणून ठेवली आहे.